काटा मारून घेतलेला कापूस: देव क्षमा करतोच, तर पैसे परत का द्यायचे?

तुम्ही विचारलंय की खेडा खरेदीत (गावात जाऊन कापूस विकत घेताना) दोन हंगाम शेतकऱ्यांच्या कापसाचा काटा मारला, आता दर रविवारी मंडळीत (चर्चमध्ये) क्षमा मागतो तरी मन थाऱ्यावर येत नाही, आणि देव दयाळू आहे तर परतफेड कशाला.

दादा, आधी क्रम बघा. जक्कय हा जकातदार, लोकांना नाडून गबर झालेला (बायबलमध्ये लूक 19). 'आज मला तुझ्या घरी उतरायचं आहे' असं येशू त्याला पाचव्या वचनात म्हणतो. चौपट परत देण्याची गोष्ट जक्कय काढतो ती आठव्या वचनात. येशूच्या दाखल्यातल्या, बापाची संपत्ती उडवून घरी परतणाऱ्या उधळ्या पुत्रानेही 'मला मजुरासारखं ठेवा' हे वाक्य निघण्याआधीच ठरवून ठेवलं होतं. बापाने ते तोंडातून निघूच दिलं नाही, त्याआधीच धावत येऊन गळ्यात पडला. दया आधी येते, फुकट येते. परतफेड ही तिची किंमत नव्हे. पण क्षमा मिळालेल्या माणसाच्या घरात दुसऱ्याचा कापूस राहणं शोभत नाही.

नुसती परतफेडही तारत नाही. येशूला धरून देणाऱ्या यहूदा या शिष्याने त्यासाठी घेतलेली चांदीची तीसही नाणी परत नेऊन टाकली, 'मी पाप केलं' हेही म्हणाला, पण म्हणाला ते याजकांना. येशूकडे तो वळलाच नाही. पेत्र या शिष्याने 'मी येशूला ओळखत नाही' असं तीनदा म्हटलं, ढसढसा रडला, आणि तरी शिष्यांना सोडून गेला नाही. मला या दोघांतला फरक फार मोलाचा वाटतो.

आता हिशोब. जुन्या करारातल्या लेवीय 6 मध्ये माप आहे: मूळ रक्कम आणि वर तिचा पाचवा हिस्सा. ख्रिस्ती माणसावर हा नियमशास्त्राचा बोजा नाही, पण अंदाजासाठी याहून चांगलं माप मला माहीत नाही. समजा एकाचा 40 क्विंटल कापूस घेतला आणि क्विंटलमागे 2 किलो मारले, तर झाले 80 किलो. त्या दिवशीचा भाव क्विंटलला 7000 असेल तर 5600 रुपये, पाचवा हिस्सा 1120, एकूण 6720. वहीत नोंद नसेल तर अंदाज शेतकऱ्याच्या बाजूने धरा. तो वारला असेल तर वारसांना द्या. कुणीच उरलं नसेल तरच गरिबांसाठी मंडळीत द्या. इथेच बरेच जण चुकतात: सरळ दानपेटीत टाकतात, म्हणजे त्या शेतकऱ्याच्या पैशावर दाते होतात.

एकरकमी जमत नसेल तर हप्ते सांगा, तारखेसकट. जाताना एकटे जा, बाजाराच्या दिवशी चारचौघांत नको. 'तुमच्या कापसात इतके किलो मारले, हे त्याचे पैसे' एवढंच बोला. 'सगळेच मारतात' हे शब्द आले की पश्चात्ताप तिथेच संपला. तो चिडला तर ऐकून घ्या. त्याने माफ करावं असा तगादा लावू नका.

तुम्ही कॅथलिक असाल तर फादरांकडे पापनिवेदन करा. तिथलं ते कुणालाही सांगू शकत नाहीत, आणि परतफेडीबद्दल तेही विचारतील. नसाल तर थेट देवापुढे, आणि सोबतीला तोंडाला कुलूप असलेले एखादे पाळक साहेब. साक्षीच्या सभेत (जिथे लोक आपला अनुभव सगळ्यांपुढे सांगतात) शेतकऱ्यांची नावं घेऊन सांगू नका.

मन थाऱ्यावर न येण्याचं एक कारण मला तुमच्या प्रार्थनेतच दिसतं. 'माझी सर्व पापं क्षमा कर' म्हटलं की कोणतंच पाप समोर उभं राहत नाही. काटा, किलो, माणसाचं नाव, असं देवापुढे बोला. आणि पुन्हा तोच मोह होऊ नये म्हणून सोयच मोडा: वजनमापेवाल्यांचा शिक्का असलेला काटा, आकडा शेतकऱ्याला दिसेल असा ठेवलेला, आणि दुसरीकडे वजन करून बघायची त्याला मोकळीक. तरीही घसरलात तर परत या. पेत्राने 'सात वेळा क्षमा करू का' असं विचारलं तेव्हा येशूने सत्तर वेळा सात सांगितलं. माणसाकडून एवढं मागणारा स्वतः हात आखडता घेणार नाही.

वेदीपाशी अर्पण ठेवून आधी भावाशी समेट करून ये, असं मत्तय 5 मध्ये आहे. पुढच्या प्रभुभोजनाआधी निदान एका घरी जाऊन या.