ऑफिसचा फोन इंटरनेटवर घेतल्यापासून बोलणं स्वच्छ होतं, एखाद्या पानाचा फॅक्सही नीट जातो, पण मोठा फॅक्स मध्येच तुटतो. कोणतं नवीन मशीन घ्यावं?

कुठलंच घेऊ नका. एखादं पान नीट जातं आणि मोठा फॅक्स तुटतो असं तुम्ही लिहिलंय, म्हणजे मशीनचा दोष असण्याची शक्यता फार कमी. मी सांगलीत ईपीएबीएक्सची, म्हणजे ऑफिसातल्या फोन एक्सचेंजची, कामं करतो, आणि "मशीन बदला" हा सल्ला ऐकला की अजूनही डोकं तापतं.

सांगली-मिरज रस्त्यावरच्या एका हॉस्पिटलनं जुन्या लाइनी काढून आयपी, म्हणजे इंटरनेटवर चालणारे, फोन घेतले. कॅशलेस विम्याची मंजुरी तेव्हा फॅक्सवरच चालायची. फॉर्म, रिपोर्ट, खर्चाचा अंदाज मिळून आठ-दहा पानं. पहिली दोन-तीन जायची आणि लाइन तुटायची. फोन बसवणाऱ्या कंपनीचा इंजिनिअर आला, काउंटरवरून आपल्या ऑफिसात बोलला आणि साहेबांना म्हणाला, "आवाज बघा किती क्लिअर आहे. लाइन ओके. मशीन गेलंय." नवीन मशीन आलं, तेही तिसऱ्या पानावर अडकलं. मग त्यानं त्यातलं ईसीएम, म्हणजे चुकलेला भाग पुन्हा मागवण्याची सोय, बंद केली. रिपोर्टवर "ओके" छापून यायला लागलं. पण पलीकडे पोचलेल्या पानांतल्या ओळीच गायब! पॉलिसी नंबर वाचता येत नाही म्हणून विमावाल्यांची क्वेरी यायची, आणि डिस्चार्ज झालेल्या पेशंटचे नातेवाईक संध्याकाळपर्यंत बिलिंगसमोर बसून राहायचे. बोलणी खायची काउंटरवरच्या ताईंनी. "तुम्ही कागद सरळ लावत नाही" असंही त्यांना ऐकवलं गेलं, तेही सगळ्यांसमोर.

आवाज क्लिअर आहे यावरून फॅक्सबद्दल काहीही सिद्ध होत नाही. मशीनला आपण साध्या फोनवरच आहोत असं वाटत असतं. ते ११०० हर्ट्झचा सूर देतं, पलीकडून २१०० चा येतो, मग ३०० बिट प्रति सेकंदानं दोघांची बोलणी होतात आणि पान १४,४०० पर्यंतच्या वेगानं सुरांतून जातं. आयपी लाइन या सुरांचे साधारण २० मिलिसेकंदांचे तुकडे करून पाठवते. एक तुकडा हरवला तर गेटवे, म्हणजे साधा फोन आणि इंटरनेट यांना जोडणारा डबा, आधीच्या आवाजावरून फट बुजवतो, आपल्या कानाला पत्ताही लागत नाही. मशीनचे मात्र त्या वेगात २८८ बिट गेलेले असतात आणि त्यांच्या जागी बनावट आवाज आलेला असतो.

कोडेक, म्हणजे आवाजाचे आकडे करायची पद्धत, जी.७२९ असेल तर विषयच संपला. तो माणसाचा आवाज ८ केबीपीएसमध्ये (सेकंदाला ८ हजार बिट) बसवण्यासाठी बनवलाय, फॅक्सचे सूर त्यातून धड बाहेर पडत नाहीत. हॉस्पिटलात जी.७११ होतं, ६४ केबीपीएसचं, म्हणून निदान पहिली पानं जायची. पण दोन्हीकडच्या गेटवेंची घड्याळं किंचित मागेपुढे चालतात. मागेपुढे येणारे तुकडे थोडा वेळ साठवून ओळीनं सोडणारा जिटर बफर हळूहळू भरतो किंवा रिकामा होतो, आणि मग थोडा आवाज गाळतो नाहीतर जास्तीचा घालतो. बोलताना हे दोन शब्दांमधल्या शांततेत खपून जातं. फॅक्सच्या पानात अशी शांतता नसते. फॅक्स जितका लांब तितकी ही वेळ येण्याची शक्यता जास्त. तुमचं दुखणं मला हेच दिसतंय.

यावरचा इलाज १९९८ पासून आहे, आयटीयू या आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघटनेचं टी.३८ हे मानक. यात गेटवे स्वतःच सूर उलगडून त्यातले बिट पॅकेटमधून, म्हणजे इंटरनेटवरच्या तुकड्यांतून, पाठवतो आणि पलीकडचा गेटवे त्यांचे परत सूर करतो. प्रत्येक पॅकेटसोबत आधीच्या पॅकेटांच्या प्रतीही पाठवता येतात, त्यामुळे एखादं हरवलं तरी पान शाबूत राहतं. हॉस्पिटलच्या गेटवेत टी.३८ होतं, पण बंद ठेवलेलं. मी चालू केलं तर प्रोव्हायडरकडून, म्हणजे फोनची लाइन देणाऱ्या कंपनीकडून, ४८८ हा नकाराचा कोड येऊन विनंती नाकारली जायची. तो ट्रेस, म्हणजे दोन्हीकडच्या संदेशांची नोंद, छापून मी साहेबांच्या टेबलावर ठेवला. मग कुठे प्रोव्हायडरनं त्यांच्या बाजूनं चालू केलं. ईसीएम परत लावलं आणि अख्खी फाइल एका दमात गेली, तीही अडगळीत टाकलेल्या जुन्या मशीनवरून. इंजिनिअरनं "नेटवर्क अपग्रेड केलं" असं लिहून दिलं. ताईंची माफी कोणीही मागितली नाही.

तुम्ही प्रोव्हायडरला लेखी विचारा, टी.३८ आहे का आणि पुढच्या कंपनीकडे कॉल देतानाही ते टिकतं का. पुढे साधा आवाज म्हणून कॉल जात असेल तर तुमच्याकडे चालू करूनही तोच त्रास होईल. तोवर जी.७११ ठेवा, जिटर बफर एकाच ठरावीक मापाचा ठेवा, सायलेन्स सप्रेशन (शांततेत काहीच न पाठवण्याची सोय) बंद करा, मशीनचं सुपर जी३ (जास्त वेगाचा फॅक्स) काढून वेग ९६०० वर आणा. ईसीएमला हात लावू नका. ते चालू असताना फॅक्स तुटत असेल तर लाइनवर तुकडे कुठे हरवतात ते शोधा. आणि हो, मशीनवर एक झेरॉक्स काढून बघा. त्यातही रेघा आल्या तर मशीन दुरुस्तीला द्या, ती गोष्ट वेगळी.

इंजिनिअर आला आणि "आवाज क्लिअर आहे" म्हणाला, तर त्याला तुमच्यासमोर दहा पानांचा फॅक्स पाठवायला लावा. रिपोर्टवरचं "ओके" बघू नका. पलीकडच्या माणसाला फोन करून शेवटच्या पानावरचे आकडे त्याच्याकडून वाचून घ्या, आणि ते जुळल्याशिवाय इंजिनिअरच्या कागदावर सही करू नका.