ॲप्लिकेशन डिलीट केलं तरी डीपीवर (डिस्ट्रिब्युशन पॉइंट, म्हणजे क्लायंट मशीन्सना फायली वाटणारा सर्व्हर) जागा मोकळी होत नाही, फाइललिब हाताने साफ करू का?

नका करू. प्रश्नात तुम्ही म्हणताय की एससीसीएमच्या (ऑफिसातल्या सगळ्या मशीन्सवर सॉफ्टवेअर पाठवणारं मायक्रोसॉफ्टचं टूल) कन्सोलमधून पाच-सहा जुनी ॲप्लिकेशन्स उडवली, दोन दिवस झाले तरी डीपीच्या ड्राइव्हवर जागा वाढली नाही आणि एससीसीएमकन्टेन्टलिब फोल्डर (डीपीची कन्टेन्ट लायब्ररी, फाइललिब याच्याच आत असतं) तेवढाच फुगलेला आहे. मी पण एकदा असाच वैतागून फाइललिबमधे घुसलो होतो, साइजप्रमाणे सॉर्ट केलं आणि वरच्या दहा-बारा फायलींवर शिफ्ट डिलीट मारला, म्हणून सांगतोय.

तिथे तीन फोल्डर असतात बघा. पीकेजीलिबमधे कुठल्या पॅकेजमधे कुठला कन्टेन्ट एवढीच नोंद, डेटालिबमधे फोल्डरची रचना आणि फायलींची माहिती, आणि खरी फाइल असते फाइललिबमधे, तीही नाव बदलून, हॅशच्या (फाइलच्या मजकुरावरून काढलेला ओळख-कोड) पहिल्या 4 अक्षरांच्या फोल्डरमधे. एकच फाइल दहा ॲप्समधे असली तरी डिस्कवर ती एकदाच ठेवतात, म्हणजे व्हिज्युअल सी++ चा एकच इन्स्टॉलर तुम्ही प्रत्येक ॲपच्या सोर्समधे टाकला असेल तर एक ॲप काढून तो जाणार नाही, बाकीच्यांचा त्यावर हक्क आहे ना. मी उडवलेली एक कॅब फाइल अशीच दुसऱ्या चालू ॲपला लागत होती. गंमत म्हणजे कन्सोलमधे सगळं हिरवंगार, कारण डीपीच्या डब्ल्यूएमआयमधे (विंडोजची आपली माहिती ठेवायची जागा) नोंद शाबूत होती, आणि इकडे युजरच्या मशीनवर डाउनलोड फेल. शनिवार गेला सगळा रीडिस्ट्रिब्युट करण्यात, म्हणजे कन्टेन्ट डीपीवर परत पाठवण्यात.

तर आधी हे बघा की जागा अडवणारा कन्टेन्ट खरंच अनाथ आहे का, म्हणजे कुठल्याच ॲप किंवा पॅकेजच्या नावावर नाही का. कन्टेन्ट लायब्ररी एक्सप्लोरर (लायब्ररीत काय आहे ते दाखवणारं एससीसीएमचं टूल) उघडून डीपीला जोडा, कुठल्या पॅकेजचं काय पडलंय ते नावानिशी दिसतं. जी ॲप्स डिलीट न करता फक्त सोर्स बदलून अपडेट करत राहिलात त्यांची रिव्हिजन हिस्ट्री पण बघा, जुनी रिव्हिजन जिवंत आहे तोवर तिचा कन्टेन्ट कोणाच्या तरी नावावर आहे, तो अनाथ धरला जात नाही. आणि डिलीट केलं त्या वेळी डीपी बंद होता किंवा लिंक पडलेली होती का, ते साइट सर्व्हरवरच्या (एससीसीएमचा मुख्य सर्व्हर) डिस्टएमजीआर लॉगमधे सापडेल, ब्रँच ऑफिसच्या डीपीचं दुखणं बहुतेक वेळा हेच निघतं.

आता साफसफाई. 2017 च्या 1702 व्हर्जनपासून मायक्रोसॉफ्टनेच कन्टेन्ट लायब्ररी क्लीनअप नावाचं टूल दिलंय, साइट सर्व्हरच्या सीडी डॉट लेटेस्टमधे एसएमएससेटअपच्या टूल्स फोल्डरमधे मिळेल. कमांड लाइनवरून चालतं, डीपीचं नाव डोमेनसकट पूर्ण द्यायचं, एका वेळी एकच डीपी, आणि तुमच्या अकाउंटला फुल ॲडमिनिस्ट्रेटर रोल हवा. नुसतं चालवलं तर ते काहीही उडवत नाही, काय उडवता येईल त्याचा लॉग फक्त काढतं. तो लॉग चहा घेत घेत नीट वाचा, मगच स्लॅश डिलीट लावून परत चालवा. डिस्ट्रिब्युशन चालू असेल तर ते हात लावत नाही, तेव्हा रात्री किंवा शांत वेळी करा. एक मेख आहे, हे टूल साइट सर्व्हरची स्वतःची लायब्ररी साफ करत नाही, त्यामुळे तुमचा डीपी साइट सर्व्हरवरच असेल तर फार अपेक्षा ठेवू नका.

क्लायंट मशीनवरच्या सीसीएमकॅशबद्दलही (डाउनलोड केलेल्या फायली तात्पुरत्या ठेवायचा फोल्डर) विचारलंय तुम्ही. तिथेही एक्सप्लोररमधून फोल्डर उडवायचे नाहीत, क्लायंट आपल्या डब्ल्यूएमआयमधे हिशोब ठेवतो आणि त्याला वाटत राहतं की फाइल आहे. कंट्रोल पॅनेलमधे कॉन्फिगरेशन मॅनेजर, कॅश टॅब, तिथून डिलीट फाइल्स करा. कॅश बाय डीफॉल्ट 5120 एमबीच असते, त्यामुळे एखादं मोठं कॅडचं सॉफ्टवेअर पाठवलंत की ती भरणारच.

टूलचा पहिला लॉग निघाला की इथे टाका, सर्व्हरची नावं खोडून, आणि डीपी साइट सर्व्हरवर आहे की वेगळ्या मशीनवर तेही लिहा.