डबस्टेप म्हणजे गोंगाट की संगीत, आणि 'खरा डबस्टेप' कोणता?

डबस्टेपबद्दल इतकी टोकाची मते का आढळतात, असे आपण विचारले आहे. एक जण त्याला बिघडलेल्या यंत्राचा आवाज म्हणतो, दुसरा त्यावर जीव टाकतो, आणि तिसरा 'हल्ली वाजते ते डबस्टेप नव्हेच' असे सांगून दोघांनाही गप्प करतो. हाऊस, टेक्नो, ट्रान्स, ड्रम अँड बेस या नावांत खरोखर काही फरक आहे की ती नुसती लेबले आहेत, हाही आपला प्रश्न आहे. मी हे संगीत बरीच वर्षे ऐकत आलो आहे आणि हौसेखातर थोडेफार मिक्सिंगही करतो, त्यामुळे माझे मत तटस्थ असणार नाही, हे आधीच सांगून ठेवतो. मला वाटते की या वादातले बहुतेक लोक एकाच नावाखाली दोन वेगळ्या संगीतांबद्दल बोलत असतात, आणि त्या दोहोंमधला फरक आवडीनिवडीचा नंतर आहे. आधी तो ध्वनीच्या वारंवारतेचा आणि ऐकण्याच्या साधनाचा आहे.

डबस्टेपचा जन्म दक्षिण लंडनमध्ये, मुख्यतः क्रॉयडन भागात, २००० सालाच्या आगेमागे झाला. त्या काळी तिथे यूके गराज हे नृत्यसंगीत जोरात होते. हॉर्सपॉवर प्रॉडक्शन्स, एल-बी, झेड बायस यांसारख्या निर्मात्यांनी त्यातली गोड गायकी आणि झगमगाट हळूहळू काढून टाकला, आणि उरलेल्या सांगाड्यात डब या जमैकन संगीताचे प्रतिध्वनी व खोल बेस, म्हणजे सर्वांत खालच्या पट्टीतला आवाज, भरला. क्रॉयडनमधले 'बिग ॲपल' हे रेकॉर्डचे दुकान या मंडळींचा अड्डा होते; तिथे काम करणारा डीजे हॅचा, आणि तिथे घुटमळणारी स्क्रीम व बेंगा ही तेव्हा विशीही न गाठलेली मुले, यांनी पुढे या शैलीला आकार दिला. २००१ मध्ये सुरू झालेली 'फॉरवर्ड' ही क्लब-रात्र आधी सोहोत आणि नंतर शोरडिचमधल्या 'प्लास्टिक पीपल' या छोट्या, जवळजवळ अंधाऱ्या क्लबात भरत असे. २००५ मध्ये माला, कोकी आणि लोफा यांनी ब्रिक्स्टनमध्ये 'डीएमझेड' ही अशीच क्लब-रात्र सुरू केली. जानेवारी २००६ मध्ये बीबीसी रेडिओ वनवर मेरी ॲन हॉब्स यांनी या कलाकारांना एकत्र आणून एक विशेष कार्यक्रम केला, आणि तिथून हे संगीत लंडनबाहेरच्या श्रोत्यांपर्यंत पोहोचले.

आता त्याची रचना जवळून पाहू, कारण 'गोंगाट' हा आरोप तिथेच तपासता येतो. वेग मिनिटाला साधारण १४० ठोके असतो, पण चार मात्रांच्या आवर्तनात किक, म्हणजे मोठ्या ढोलाचा जड ठोका, पहिल्या मात्रेवर आणि स्नेअर, म्हणजे कडक, टणक ठोका, फक्त तिसऱ्या मात्रेवर पडतो, त्यामुळे अंगाला जाणवणारी लय सत्तरचीच असते. हाय-हॅट, म्हणजे झांजेचा बारीक आवाज, मात्र मूळ वेगाने किंवा त्याच्या दुपटीने बारीक सरकत राहते. विलंबित ठेक्यावर दुगुणीचे बोल ज्यांनी ऐकले आहेत त्यांना हा दुहेरी वेग ओळखीचा वाटेल. किक आणि स्नेअर यांच्यामध्ये जी मोठी मोकळी जागा उरते ती सुरुवातीच्या निर्मात्यांनी मुद्दाम मोकळी ठेवली, कारण बेसला पसरायला जागा लागते. हाऊसमध्ये प्रत्येक मात्रेवर किक असते आणि नाचणाऱ्याचे पाऊल तिच्यावर आपोआप पडते. तिथून आलेला श्रोता 'यावर नाचायचे कसे?' असे विचारतो तेव्हा त्याची तक्रार रास्त असते. हे संगीत पावलांपेक्षा मान आणि खांदे हलवायला लावते. डीएमझेडच्या पत्रकावर बेसच्या वजनावर ध्यान करण्याचे आवाहन असे, आणि ती केवळ जाहिरातबाजी नव्हती.

हा बेस बहुतेक वेळा ३० ते ६० हर्ट्झच्या टप्प्यातला, जवळजवळ शुद्ध साइन तरंग, म्हणजे एकाच वारंवारतेचा साधा सूर, असतो. ५० हर्ट्झच्या ध्वनीची तरंगलांबी हवेत सुमारे सात मीटर भरते. असा ध्वनी मोठ्या सबवूफरमधून आला की कानाइतकाच छातीला आणि पायाखालच्या जमिनीला कळतो. मोबाईलचा इवलासा स्पीकर मात्र या टप्प्यात जवळपास मुका असतो, आणि शुद्ध साइन तरंगात वरचे हार्मोनिक, म्हणजे मूळ वारंवारतेच्या पटीतले सूर, नसल्यामुळे त्या सुराची साधी खूणसुद्धा कानापर्यंत येत नाही. म्हणजे लोफाची एखादी रचना मोबाईलवर ऐकणाऱ्याला एक किक, एक स्नेअर, थोडा प्रतिध्वनी आणि पुष्कळ शांतता एवढेच ऐकू येते, आणि 'यात आहे काय?' असा प्रश्न त्याला पडतो. त्याच्यापर्यंत ते संगीत पोहोचलेलेच नसते.

पुढे जे बदलले ते इथूनच समजून घेता येते. वॉबल बेस, म्हणजे 'वूब-वूब' असा डोलणारा आवाज, सुरुवातीपासून या शैलीत होता. भरगच्च सुरावर लो-पास, म्हणजे वरच्या पट्टीतला आवाज गाळणारा, फिल्टर लावायचा आणि तो फिल्टर एलएफओ नावाच्या अतिमंद कंपकाने ठरावीक लयीत उघडबंद करायचा, एवढीच त्यामागची क्लृप्ती. एलएफओचा वेग मात्रेला एकदा, दोनदा किंवा तीनदा असा बदलला की तोच सूर वेगळी चाल घेतो. कोकीच्या रचनांत हा आवाज अनेक रंगांपैकी एक होता. २००७ मध्ये कॅस्पा आणि रस्को यांचा फॅब्रिक या लंडनच्या क्लबच्या मालिकेतला मिक्स आला तोवर तो मुख्य आकर्षण झाला होता. त्याच सुमारास 'मॅसिव्ह' हा सॉफ्टवेअर सिंथेसायझर उपलब्ध झाला, आणि बेसवर विकृतीचे (डिस्टॉर्शनचे) थर चढवून त्याला गुरगुरायला लावणे कोणालाही आपल्या संगणकावर जमू लागले. विकृतीमुळे हार्मोनिक निर्माण होतात, हार्मोनिक लॅपटॉपच्या स्पीकरवरही ऐकू येतात, आणि नवा श्रोता तर यूट्यूबवर, लॅपटॉपसमोरच बसलेला होता. बेस असा तळातून उठून मधल्या पट्टीत आला. हा बदल कोणी कट करून घडवला नाही. श्रोता जिथे होता तिथे संगीत गेले.

स्क्रिलेक्सचे नाव या वादात शिवीसारखे वापरले जाते, म्हणून त्याच्याविषयी थोडे सविस्तर लिहितो. सोनी मूर हे त्याचे खरे नाव. त्याआधी तो 'फ्रॉम फर्स्ट टू लास्ट' या पोस्ट-हार्डकोर बँडचा गायक होता. ऑक्टोबर २०१० मध्ये त्याचा 'स्केरी मॉन्स्टर्स अँड नाइस स्प्राइट्स' हा ईपी, म्हणजे अल्बमपेक्षा छोटा संच, आला आणि फेब्रुवारी २०१२ मध्ये त्याला तीन ग्रॅमी मिळाले. त्याच्या रचनेत एक आवर्तनसुद्धा रिकामे नसते: एक आवाज प्रश्न विचारतो, दुसरा उत्तर देतो, तिसरा मध्येच तोडतो, आणि शांतता मिळते ती फक्त ड्रॉपच्या, म्हणजे ताल आणि बेस एकदम कोसळतात त्या जागेच्या, आधीच्या क्षणभरापुरती. गुरगुरणारे ते आवाज नीट ऐकले तर त्यांत मानवी स्वरांसारखे 'आ', 'ओ', 'ई' उमटताना दिसतात, कारण फिल्टरची टोके त्या स्वरांच्या ठिकाणी आणून सरकवलेली असतात. याला गोंगाट म्हणणाऱ्याने निदान ते आवाज किती काटेकोरपणे कापून बसवले आहेत हे पाहावे. हेवी मेटलच्या गिटारचा कर्कश पोत ज्यांना आवडतो त्यांना हे आवडले यात नवल नाही. कॉर्न या मेटल बँडने २०११ मध्ये त्याच्यासह इतर डबस्टेप निर्मात्यांना घेऊन एक आख्खा अल्बमच केला. मला स्वतःला या धाटणीची कारागिरी पटते, पण तिची मांडणी कंटाळवाणी वाटते: चढण, ड्रॉप, विसावा, पुन्हा चढण, पुन्हा ड्रॉप, आणि तिसऱ्या गाण्यापर्यंत कोणत्या सेकंदाला काय होणार हे श्रोत्याला पाठ झालेले असते. त्याच्या अनुकरणकर्त्यांमध्ये तर कारागिरीही उरली नाही आणि प्रत्येक जण फक्त आवाज वाढवत गेला.

जुन्या चाहत्यांनी या प्रकाराला 'ब्रोस्टेप' असे कुत्सित नाव दिले आणि खरा डबस्टेप २०१० मध्येच संपला असे जाहीर केले. त्यांच्या म्हणण्यातला एक भाग मला मान्य आहे: मोकळी जागा गेली, आणि ती या शैलीची सर्वांत मौल्यवान गोष्ट होती. पण 'खरा' या शब्दावर ते जेवढे अडून बसतात तेवढा आधार त्यांच्याच इतिहासात सापडत नाही. बरिअल या लंडनच्या निर्मात्याचे उदाहरण घ्या. २००६ आणि २००७ मधल्या त्याच्या दोन अल्बमना हेच चाहते शैलीचे शिखर मानतात आणि दुसरा अल्बम २००८ च्या मर्क्युरी पुरस्काराच्या अंतिम यादीतही होता. परंतु त्याची तालरचना डीएमझेडच्या जड, ठाय ठेक्यापेक्षा जुन्या गराजच्या अडखळत्या चालीला अधिक जवळची आहे. त्याने ठोके ठरावीक जागी बसवणाऱ्या सिक्वेन्सरच्या नियमित चौकटीऐवजी साऊंड फोर्ज या साध्या ध्वनिसंपादन प्रणालीत डोळ्याने आणि कानाने तुकडे जुळवले, त्यावर पावसाची आणि रेकॉर्डच्या खरखरीची झिलई चढवली आणि गायकांचे आवाज वर-खाली ताणून कोणाचे आहेत हे कळेनासे केले. ते संगीत क्लबात नाचण्यापेक्षा रात्री एकट्याने ऐकण्याचे आहे. बरिअल जर डबस्टेपमध्ये बसत असेल, तर ती व्याख्या स्क्रिलेक्स येण्याआधीच पुरेशी सैल झाली होती. शिवाय २००६ च्या सुमाराला एकाच किक-स्नेअरवर एकच बेस ओढणाऱ्या निर्जीव रेकॉर्डही ढिगाने निघत होत्या. त्या विस्मरणात गेल्या म्हणून तो काळ आज इतका उजळ दिसतो.

आता नावांचा प्रश्न. ही नावे पोकळ नाहीत, पण ती वनस्पतिशास्त्रातल्या वर्गीकरणासारखी काटेकोरही नाहीत. हाऊस हे नाव शिकागोच्या 'वेअरहाऊस' या क्लबवरून आले असे बहुतेक जण मानतात. तिथे फ्रँकी नकल्स रेकॉर्ड वाजवत असत. टेक्नो डेट्रॉइटमध्ये हुआन ॲटकिन्स, डेरिक मे आणि केव्हिन सॉन्डरसन यांच्या हातून घडले; १९८८ मध्ये ब्रिटनमध्ये निघालेल्या एका संकलनाच्या शीर्षकात 'हाऊस'ऐवजी 'टेक्नो' हा शब्द आला आणि तेव्हापासून ते नाव पक्के झाले. म्हणजे बाजाराचा हात नामकरणात पहिल्यापासून आहे. तरीही शिकागो आणि डेट्रॉइट यांच्या संगीतातला फरक कानाला कळतो, तो शीर्षकामुळे निर्माण झालेला नाही. केवळ वेगावरून शैली ओळखू पाहणाऱ्याची मात्र फसगत होते: ग्राइम हे पूर्व लंडनचे संगीतही १४० च्या आसपासच चालते, कित्येक ट्रॅप रचनांचा आणि ट्रान्सचा वेगही तोच निघतो, पण ग्राइम रॅपरच्या शब्दांसाठी जागा ठेवते, ट्रान्स प्रत्येक मात्रेवर किक देऊन सुरावटीला वर वर नेते, आणि डबस्टेप त्याच वेगात अर्धा ठेका ठेवून खाली बघतो. ड्रम अँड बेस १७० च्या घरात जाते, तिथे हा घोळ होत नाही. डीजेला ही नावे रोज लागतात, कारण दोन रेकॉर्ड जोडताना वेग आणि किकची जागा जुळली नाही तर सगळ्या खोलीला ते कळते. साध्या श्रोत्याने चार-पाच मोठी कुळे ओळखली तरी पुष्कळ झाले. रिडिम, टीअरआऊट, डीप डबस्टेप यांच्या सीमांवरून होणाऱ्या भांडणांत त्याला काहीही मिळणार नाही.

'सगळे संगणकच करतो' हा आक्षेप थोडक्यात निकालात काढता येतो. रोलँड कंपनीचे टीबी-३०३ हे यंत्र बेस गिटारची जागा घेण्यासाठी बाजारात आले आणि त्या कामात सपशेल अपयशी ठरले. पुढे शिकागोच्या फ्यूचर या गटाने त्याच्या खुंट्या वाजता वाजता पिळून पाहिल्या, आणि १९८७ मध्ये निघालेल्या त्यांच्या रेकॉर्डपासून ॲसिड हाऊस उभे राहिले. यंत्र तेच होते, हात बदलले.

आपल्याला स्वतः पारख करायची असेल तर बऱ्यापैकी हेडफोनवर तीन गोष्टी याच क्रमाने ऐका: स्क्रीमची २००५ मधली 'मिडनाइट रिक्वेस्ट लाइन', बरिअलचा २००७ मधला 'अनट्रू' हा अल्बम, आणि मग स्क्रिलेक्सचा वर उल्लेखलेला ईपी. पहिल्या रचनेत वरची बारीक सुरावट सोडून किक आणि स्नेअर यांच्या मधल्या पोकळीकडे लक्ष द्या. दुसऱ्यात ताल कुठे मुद्दाम अडखळतो ते पाहा. तिसऱ्यात एका आवर्तनात किती वेगळे आवाज येऊन जातात ते मोजा. नंतर तेच तिन्ही मोबाईलच्या स्पीकरवर लावून पाहा. पहिल्यातला तळच गायब झालेला असेल, दुसऱ्यातली खरखर आणि ताणलेले गळे तेवढे उरतील, आणि स्क्रिलेक्स मात्र जवळजवळ जसाच्या तसा ऐकू येईल.