१८४४६७४४०७३७०९५५१६१५ ही संख्या अविभाज्य आहे का?

बुद्धिबळाच्या ६४ घरांत १, २, ४, ८ असे दुपटीनं दाणे मांडले की बेरीज एवढी येते. तुम्ही विचारलंय की तिला अवयव आहेत का, आणि कॅल्क्युलेटरशिवाय सापडतील का.

शेवटी ५ आहे, म्हणजे अविभाज्य नाहीच. अंकांची बेरीज ८७, म्हणून ३ नंही भाग जातो, ९ नं नाही. पण बाकीचे अवयव शोधायचे तर दाण्यांकडेच जावं.

आमचं गाव दारव्हा तालुक्यात. मागच्या उन्हाळ्यात भाचे आले होते, तेव्हा ओसरीवर खडूनं पट आखून ज्वारी मांडली. आठव्या घरात १२८ दाणे आले, ते रेघेबाहेर सांडायला लागले. आई आली सूप घेऊन. "काऊन रे, खायची जवारी भुईवर सांडून रायले?" एका ओळीतच खेळ आटोपला.

पण ती एक ओळ पुरते. पहिल्या चार घरांत १५ दाणे. पाचवं घर पहिल्याच्या १६ पट, सहावं दुसऱ्याच्या १६ पट, असंच आठव्यापर्यंत. म्हणजे पुढच्या चार घरांत १५ × १६, आणि अख्ख्या ओळीत १५ × १७ = २५५. याच न्यायानं चार घरांचे १५ म्हणजे ३ × ५. दोन ओळींत २५५ × २५७, चार ओळींत त्याला ६५५३७ नं गुणा, आणि पूर्ण पटासाठी आणखी ४२९४९६७२९७ नं. पट अर्ध्यात दुमडत गेलं की अवयव हाताला लागतात.

३, ५, १७, २५७, ६५५३७ हे सगळे अविभाज्य. ही माळ पुढंही अशीच चालेल असं फर्मा या फ्रेंच गणितज्ञाला वाटलं होतं. १७३२ मध्ये ऑयलर या गणितज्ञानं पुढचाच मणी फोडला: ४२९४९६७२९७ = ६४१ × ६७००४१७. कागदावर पडताळता येतं. ६४१ म्हणजे ५ × १२८ + १, आणि ६२५ + १६ सुद्धा. ६४१ नं भागल्यावरची बाकीच पाहायची, तर ५ × १२८ हे −१ सारखं वागतं. त्याचा चौथा घात, म्हणजे ६२५ गुणिले २ चा २८ वा घात, १ सारखा. ६२५ च्या जागी −१६ ठेवा, की २ चा ३२ वा घात −१ ठरतो. त्यात १ मिळवला की बाकी शून्य.

तर उत्तर: ३ × ५ × १७ × २५७ × ६४१ × ६५५३७ × ६७००४१७. सात वेगवेगळे अविभाज्य, प्रत्येक घ्यायचा किंवा सोडायचा, म्हणून एकूण विभाजक १२८. आठव्या घरातले दाणेही तेवढेच. दोन्हीकडे सात वेळा दुप्पट होते.

आमच्या ज्वारीचे हजार दाणे ३० ग्रॅम भरले. त्या हिशेबानं दोन ओळींना दोन किलोही लागत नाही, चार ओळींना मात्र सुमारे १२८८ क्विंटल. उरलेल्या अर्ध्या पटाला त्याच्या ४२९ कोटी पट. आईला मी दोन ओळींपर्यंतच सांगितलंय.