अमेरिकेत डॉक्टर नसलेला माणूस निवडून येऊन कॉरोनर (अचानक किंवा संशयास्पद मृत्यूंची चौकशी करणारा अधिकारी) होतो, हे खरं आहे का? आणि असलं काम कोणी आयुष्यभर का करतं?

खरं आहे. मी दक्षिण इंडियानातल्या एका शेतकरी काउंटीत (आपल्या जिल्ह्यासारखा भाग) राहतो, दिवसा इस्पितळाच्या लॅबमध्ये नोकरी करतो आणि फोन आला की डेप्युटी कॉरोनर म्हणून निघतो. राज्यात ९२ काउंट्या, प्रत्येकीत लोकांनी निवडलेला कॉरोनर, मुदत चार वर्षं. वैद्यकीय पदवीची अट नाही. ४० तासांचं प्रशिक्षण आणि परीक्षा मात्र लागते. चिरफाड तो करत नाही, ते काम पॅथॉलॉजिस्टचं. त्यासाठी मृतदेह आम्ही लांबच्या शहरात पाठवतो. शेजारच्या ओहायोत मात्र कॉरोनर डॉक्टरच लागतो. आमच्याकडे सलग दोन मुदती झाल्या की थांबावं लागतं. मग बऱ्याच ठिकाणी डेप्युटी उभा राहतो आणि जुने साहेब त्याचे डेप्युटी होतात. सरपंचपती पाहिलेल्या माणसाला याचं नवल वाटायचं कारण नाही.

एवढं ऐकलं की लोक म्हणतात, म्हणजे अडाण्यांचा कारभार. माझा थोरला भाऊ गेली कित्येक वर्षं हेच म्हणतोय, म्हणून जरा सविस्तर लिहितो. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.)

मी ज्या कॉरोनरच्या हाताखाली शिकलो ते उभा जन्म ॲम्ब्युलन्सवर काढलेले गृहस्थ. एका हिवाळ्यात एकटा राहणारा म्हातारा शेतकरी गोठ्यामागच्या शेडमध्ये मेलेला सापडला. शेजारी बंदूक, फडकं, तेलाची बाटली. मुलगा म्हणाला, साफ करताना उडाली. शेरीफच्या (काउंटीच्या पोलीसप्रमुखाच्या) शिपायांनाही ते पटलं होतं, बर्फात उभं राहायला कोणाला हौस असते? आमच्या साहेबांनी दारात बूट काढले आणि स्वयंपाकघरात गेले. आठवड्याच्या गोळ्यांची प्लॅस्टिकची डबी खिडकीत होती. गुरुवार रात्रीचा कप्पा रिकामा, शुक्रवार सकाळचा भरलेला. म्हणजे वेळ साधारण कळली. मग शेडमध्ये परत येऊन त्यांनी तेलाची बाटली उजेडात धरली. झाकणाचं सील फुटलेलंच नव्हतं. कुत्रा दिसेना म्हणून शेजाऱ्याला विचारलं, तर म्हातारा गुरुवारी संध्याकाळी त्याला खाण्याच्या पोत्यासकट तिकडे सोडून आला होता.

इथल्या मृत्यूच्या दाखल्यावर पाचांपैकी एक प्रकार लिहावा लागतो : नैसर्गिक, अपघात, आत्महत्या, मनुष्यवध, अनिर्णित. मुलगा चर्चमधला वजनदार माणूस, नात्यागोत्याने अर्धी काउंटी त्याची. त्याने विनवणी केली, मग आवाज चढवला, मग निवडणुकीची आठवण करून दिली. साहेबांनी त्याचं सगळं ऐकून घेतलं, कॉफी संपवली आणि पॅथॉलॉजिस्टचा अहवाल आल्यावर ‘आत्महत्या’ लिहिलं. आमच्या भागात रिपब्लिकन पक्षाची मे महिन्यातली प्राथमिक निवडणूक (पक्षाचा उमेदवार ठरवणारी) जिंकली की नोव्हेंबरची उपचारापुरती उरते. पुढच्या मे महिन्यात ते पडले. गंमत पुढे आहे. नव्या कॉरोनरने त्यांनाच डेप्युटी नेमलं, कारण रात्री दोनला फोन उचलणारं दुसरं कोणी मिळेना. आणि ते गेलेही.

आता दादाचं. आमचे आबा माण तालुक्यात पोलीस पाटील होते. १९६७ च्या ग्राम पोलीस कायद्यात नेमतात ते, वतनी पाटील नव्हे. गावातल्या मोठ्या घरची सून विहिरीत सापडली. सगळे पंच म्हणाले, पाणी शेंदताना पाय घसरला. आबांनी फौजदाराला एवढंच सांगितलं की घागर आणि दोर दोन्ही घरात जागच्या जागी आहेत, बघून घ्या. केस उभी राहिली, पुराव्याअभावी सगळे सुटले, आणि आमच्या शेताची पाणंद त्या लोकांनी काटे टाकून बंद केली. दादाला कित्येक हंगाम माल डोक्यावर वाहावा लागला. तेव्हापासून त्याचं पालुपद एकच, “आबांनी काय मिळवलं? डॉक्टरांचं काम डॉक्टर करतील, पोलिसांचं पोलीस.”

अरे, पण घागर घरात आहे हे शवविच्छेदनाच्या टेबलावर दिसत नाही! डॉक्टर पाणी फुप्फुसात होतं का हे सांगेल. बाई विहिरीवर कशाला गेली होती, हे त्या घराचा उंबरा ओलांडलेला माणूसच सांगणार. लोक हे काम का करतात याचं माझ्याकडे तरी एवढंच उत्तर आहे. कोणीतरी नीट बघायला हवं असतं, आणि एकदा बघायची सवय लागली की सुटत नाही.

सगळे कॉरोनर असे असतात असं समजू नका. काहींचं स्वतःचंच अंत्यविधीचं दुकान असतं. काही जण काउंटीचा पैसा वाचवायला शवविच्छेदन टाळतात, काही मतांसाठी ‘अपघात’ लिहून मोकळे होतात. मॅसॅच्युसेट्सने १८७७ मध्येच हे पद मोडीत काढलं. २००९ मध्ये राष्ट्रीय विज्ञान अकादमीच्या समितीनेही ही पद्धत हळूहळू बंद करा असंच सांगितलं. आपल्या मुंबईतही १८७१ च्या कायद्याखाली कॉरोनर होता, तो १९९९ मध्ये गेला. माझं मत विचाराल तर निवडणूक काढा, माणूस गावातलाच ठेवा.

पगाराचं कोणीतरी विचारेलच. लहान काउंटीत हे अर्धवेळ काम असतं, पोटापाण्याचा धंदा वेगळा लागतो.

आणि दादा, तू हे वाचणार आहेसच. मामलेदार कोर्ट ॲक्टखाली अर्ज करून पाणंद मोकळी झाली त्यालाही आता बरीच वर्षं झाली. तो मुद्दा पुन्हा काढू नकोस.