‘आजोबांनी पाप केलं का?’ : युद्धाविषयी विचारणाऱ्या मुलाशी बोलताना

घरातले तरुण मूल युद्धाविषयी अवघड प्रश्न विचारू लागले, की ख्रिस्ती पालक समुपदेशक म्हणून माझ्याकडे बहुधा एकच काळजी घेऊन येतात. देशासाठी लढणे योग्यच आहे असे सांगावे, तर मूल शत्रूवर प्रीती करायला सांगणारे येशूचे डोंगरावरचे प्रवचन उघडून समोर ठेवते. आणि शत्रूवर प्रीती करावी एवढेच सांगून थांबावे, तर सीमेवर उभ्या असलेल्या जवानाशी आपण कृतघ्न झालो असे त्याला आणि आपल्यालाही वाटत राहते. साताऱ्यात ही काळजी अधिक टोचते. पहिल्या महायुद्धात ४६ जवान गमावलेले आणि आजही ‘अपशिंगे मिलिटरी’ याच नावाने ओळखले जाणारे गाव या जिल्ह्यात आहे, आणि देशातली पहिली सैनिक शाळा १९६१ साली साताऱ्यातच सुरू झाली. इथे युद्धाच्या नीतीचा प्रश्न पुस्तकात राहत नाही. तो कोणाच्या तरी वडिलांचा, काकांचा किंवा आजोबांचा प्रश्न होऊन बसतो.

पुढची हकिगत मी त्या कुटुंबाच्या परवानगीने लिहीत आहे, आणि ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.

२०२५ च्या जून महिन्यात एक आई माझ्याकडे आली. तिचा मुलगा सतरा वर्षांचा, बारावी विज्ञान शाखेत. दहावीपासून त्याने राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीच्या परीक्षेचा ध्यास घेतला होता आणि रोज पहाटे तो अजिंक्यताऱ्याचा चढ धावत चढत असे. मे महिन्यापासून त्याने धावणे सोडले होते, परीक्षेचा अर्ज भरणार नाही असे घरात जाहीर केले होते, आणि ज्या आजोबांच्या मांडीवर तो वाढला त्यांच्याशी बोलणे जवळजवळ बंद केले होते. “ताई, त्याला कोणीतरी नीट उत्तर द्या,” आई म्हणाली, “आमच्याकडे उत्तर नाही, आणि जिथे मिळायला हवं होतं तिथे त्याला गप्प बसवलं.”

झाले होते ते असे. २२ एप्रिलला पहलगाममध्ये २६ माणसे मारली गेली, त्यांत सहा जण महाराष्ट्रातले होते. ७ मे रोजी भारताने सीमेपलीकडे हल्ले केले आणि १० मे रोजी गोळीबार थांबला. त्याच आठवड्यात मंडळीच्या, म्हणजे चर्चच्या, तरुण संघाच्या सभेत एकाने यहोशवाच्या पुस्तकातला उतारा वाचून शत्रूचा समूळ नाश हीच देवाची इच्छा असल्याचे सांगितले, दुसरीने शत्रूवर प्रीती करायला सांगणारा मत्तयाचा पाचवा अध्याय वाचला, आणि कोणीतरी इमारत कोसळतानाची चित्रफीत मोबाइलवर दाखवल्यावर टाळ्या पडल्या. तेव्हा या मुलाने विचारले, “माझे आजोबा १९७१ च्या लढाईत होते. त्यांनी माणसं मारली असतील तर त्यांनी पाप केलं का?” सभा चालवणाऱ्याने उत्तर दिले की असे प्रश्न सैतान मनात घालतो. मुलगा त्या सभेला पुन्हा गेला नाही.

त्या मार्गदर्शकाला मी दोष देत बसत नाही. उत्तर ठाऊक नसल्याची भीती माणसाला असे बोलायला लावते. तरीही प्रामाणिक प्रश्नाला सैतानाचे नाव देणे ही मला मुलावर झालेली इजा वाटते, आणि हे लिहिण्याचे तेही एक कारण आहे.

पहिल्या भेटीत मी शास्त्र उघडले नाही. झोप किती लागते, जेवण जाते का, जगणे नको वाटते का, हे आधी विचारले, कारण नैतिक प्रश्नाच्या आड कधीकधी नैराश्य लपलेले असते आणि त्याचे उपचार वेगळे असतात. त्याच्या बाबतीत तसे नव्हते. मात्र रात्री दोन-दोन वाजेपर्यंत तो गाझा आणि युक्रेनमधल्या चित्रफिती पाहत होता. रात्री नऊनंतर पाहायचे नाही एवढे आम्ही ठरवले. मग मी त्याला त्याचे प्रश्न कागदावर लिहायला सांगितले. त्याने तीन लिहिले: ‘खून करू नको’ ही आज्ञा युद्धाला लागू होते का? आजोबा दोषी आहेत का? मी सैन्यात जाऊ का?

हे प्रश्न सुटे करणे हेच अर्धे काम असते. मुले ते एकात एक गुंतवून विचारतात आणि मोठी माणसे तिसऱ्याच्या भीतीने पहिल्याचे उत्तर देऊन टाकतात. मुलगा सैन्यात जावा असे वाटणारा बाप आज्ञेचा अर्थ सैल करतो, जाऊ नये असे वाटणारी आई तो घट्ट करते, आणि मुलाला दोन्हीतला हेतू लगेच दिसतो.

पहिल्या प्रश्नावर आम्ही दोन भेटी घालवल्या. मराठी शास्त्रात ‘खून करू नको’ असे आहे. मूळ हिब्रू शब्द रणांगणावरच्या वधासाठी सहसा येत नाही, तो बेकायदा जीव घेण्यासाठी येतो; म्हणून त्या एका आज्ञेवरून सगळे युद्ध निषिद्ध ठरवता येत नाही. पण तेवढ्यावर सुटकाही होत नाही, कारण येशूने आपला शिष्य पेत्र याला तरवार म्यानात घालायला लावली आणि तरवार धरणारे तरवारीने नाश पावतील असे बजावले. रोमकरांस पत्राचा बारावा अध्याय सूड न घेण्याच्या उपदेशाने संपतो आणि लगेच तेराव्यात अधिकाऱ्याच्या हातातल्या तरवारीचा उल्लेख येतो. हे दोन अध्याय नेहमी एका बैठकीत वाचावेत असा माझा आग्रह असतो, कारण भांडणारे दोन्ही पक्ष आपापला अध्याय वाचून पुस्तक मिटतात.

लूकच्या तिसऱ्या अध्यायात शिपाई बाप्तिस्मा करणाऱ्या योहानाला विचारतात, “आम्ही काय करावे?” तो त्यांना शिपाईगिरी सोडायला सांगत नाही, कोणाला नाडू नका, खोटे आळ घेऊ नका, आपल्या पगारात समाधानी राहा, असे सांगतो. हे वाचताना मुलगा पहिल्यांदा सरसावून बसला. शिवाजी महाराजांनी १६७३ साली चिपळूणजवळच्या आपल्या घोडदळाच्या अधिकाऱ्यांना लिहिलेले पत्र त्याला आठवले. रयतेकडून दाणागोटा बळजबरीने घेतला तर लोकांना तुमच्यापेक्षा मोगल बरे वाटतील, अशी ताकीद त्यात आहे. “म्हणजे लढणारा कसा लढतो यालाही हिशेब आहे,” तो म्हणाला. ख्रिस्ती परंपरेत तेराव्या शतकात थॉमस अक्वायनस यांनी न्याय्य युद्धासाठी योग्य सत्ता, न्याय्य कारण आणि शुद्ध हेतू अशा तीन अटी मांडल्या, आणि पुढे इतर विचारवंतांनी शेवटचा उपाय असणे, प्रमाण राखणे, नि:शस्त्रांना वाचवणे या कसोट्या जोडल्या. दुसरीकडे मेनोनाइट आणि क्वेकर मंडळ्यांनी शस्त्र न धरण्याचीच वाट आजवर चालवली आहे. इ.स. २९५ मध्ये उत्तर आफ्रिकेत मॅक्सिमिलियन नावाचा २१ वर्षांचा तरुण, मी ख्रिस्ती आहे म्हणून शिपाई होणार नाही, असे सांगून मरणाला सामोरा गेला. आणि १९७१ साली गंगासागरला स्वतः घायाळ असताना शत्रूची ठाणी निकामी करणारे परमवीर चक्र विजेते लान्स नायक अल्बर्ट एक्काही ख्रिस्तीच होते. दोघांपैकी कोणाला खोटा ख्रिस्ती म्हणण्याचे धाडस मला होत नाही, आणि हे मी मुलाला सांगितले.

माझे स्वतःचे मत त्याने विचारले. निरपराधांचे रक्षण करणे हे राज्याचे कर्तव्य आहे असे मी मानते, आणि ते कर्तव्य पार पाडताना शत्रूच्या पडत्या घरावर टाळ्या वाजवणाऱ्या मंडळीने प्रार्थना विसरली असेही मानते. समुपदेशकाने मत झाकून ठेवावे असे पुष्कळांना वाटते. मला वाटते की धर्मविषयक प्रश्नात तरुणाला आपले मत सांगावे, आणि ते मान्य करण्याचे ओझे त्याच्यावर टाकू नये.

हे सगळे त्याने नीट ऐकले, वहीत लिहून घेतले, आणि तिसऱ्या भेटीच्या शेवटी विचारले, “मग आजोबा?” तेव्हा माझ्या लक्षात आले की इतिहास आणि कसोट्या सांगण्यात मी घाई केली होती. त्याला सिद्धांत हवा होताच, पण त्याहून अधिक एक साक्ष हवी होती, आणि ती त्याच्याच घरात चोपन्न वर्षे मुकी होती.

आजोबांना बोलावण्यापूर्वी मी त्यांना एकट्याला भेटले. अशी गाठ थेट घालून देऊ नये. वृद्ध सैनिकाला नातवासमोर आरोपी केल्यासारखे होते. ते अभियंता दलात होते, सुभेदार म्हणून निवृत्त झाले, वय आता शहात्तर. “मी कोणावर गोळी झाडली नाही,” ते म्हणाले, आणि बराच वेळ काही बोलले नाहीत. मग त्यांनी सांगितले ते त्यांनी पुढच्या आठवड्यात नातवाला पुन्हा सांगितले, जवळजवळ त्याच शब्दांत.

डिसेंबर १९७१, पश्चिम सीमा, आपल्याच बाजूची शेते. “गहू नुकताच उगवला होता. शेतकऱ्यांनी गहू पेरला होता, आम्ही त्यातच सुरुंग पेरले. मी बावीस वर्षांचा होतो. एका रात्रीत आमच्या तुकडीने तीन शेतं भरली.” १७ डिसेंबरला युद्धविराम झाला. पुढच्या काही महिन्यांत तेच सुरुंग काढायचे काम त्यांच्याच तुकडीकडे आले. नकाशा होता, मोजणी होती. “काढताना दोन कमी भरले. तीन दिवस शोधलं. मग हुकूम आला आणि आम्ही पुढे गेलो. शेताचा मालक बांधावर उभा होता. त्याने विचारलं, सगळे निघाले ना? मी मान हलवली.”

पुढे त्या शेतात काय झाले हे त्यांना कधीच कळले नाही. सैनिक आणि शेतकरी यांतला फरक पायाखालच्या सुरुंगाला कळत नाही, आणि म्हणूनच १९९७ च्या ओटावा कराराने अनेक देशांनी त्यावर बंदी घातली. आपला देश त्या करारात नाही. हे मुलाला ठाऊक होते. त्याने ते बोलून दाखवले नाही, आणि त्याबद्दल मला त्याचे कौतुक वाटले.

युद्धावरून परतलेल्या माणसाच्या मनात असे जे राहते त्याला मनोविकारतज्ज्ञ ‘नैतिक इजा’ म्हणतात. व्हिएतनाममधून परतलेल्या सैनिकांवर उपचार करताना जोनाथन शे या अमेरिकी डॉक्टरांनी ही कल्पना मांडली. ती भीतीच्या धक्क्याहून वेगळी असते. आपल्या हातून, किंवा आपल्या डोळ्यांदेखत, अयोग्य घडले ही जाणीव तिच्या मुळाशी असते, आणि ‘तुमचा काही दोष नाही’ या वाक्याने ती भरत नाही. उलट तसे म्हणणाऱ्याला ऐकायचेच नाही असा त्याचा अर्थ होतो. पवित्र शास्त्राला ही इजा ठाऊक आहे असे मला वाटते. गणना या पुस्तकाच्या एकतिसाव्या अध्यायात (तो सगळाच अध्याय वाचायला अतिशय जड आहे, आणि तरुणांसमोर त्याचे समर्थन करण्याची खटपट मी करीत नाही) देवाच्या आज्ञेने लढून आलेल्या योद्ध्यांनाही, ज्यांनी कोणाला मारले असेल त्यांना, सात दिवस छावणीबाहेर राहायला सांगितले आहे. राजा दावीद आपल्या पुत्राला सांगतो की देवाने मला म्हटले, ‘तू पुष्कळ रक्त सांडले आहेस म्हणून तू मंदिर बांधू नयेस.’ देवाने दावीदाला टाकले नाही, आणि ते रक्त नव्हतेच असेही म्हटले नाही.

चौथ्या शतकात कैसरियाचे बिशप बेसिल यांनी याच सुरात एक सल्ला दिला होता. पूर्वजांनी युद्धातल्या वधाला खून मानले नाही, तरी अशा माणसांचे हात शुद्ध नाहीत म्हणून त्यांनी तीन वर्षे प्रभुभोजनापासून, म्हणजे उपासनेत भाकर आणि द्राक्षरस घेण्याच्या विधीपासून, दूर राहावे, हे बरे. मी हे आजोबांना आणि नातवाला एकत्र बसवून सांगितले. शिक्षा म्हणून ते मला सुचवायचे नव्हते. युद्धाहून परतलेल्याला शोक करायला मंडळीने एके काळी अवधी दिला होता, एवढेच दाखवायचे होते.

आजोबांनी विचारले, “तीनच वर्षं?”

तेव्हा त्यांची सून, म्हणजे मुलाची आई, दारात उभी होती. तिला त्या क्षणी उलगडले की दर महिन्याच्या पहिल्या रविवारी सासरे शेवटच्या बाकावर बसतात आणि भाकर वाटली जाण्याआधी उठून बाहेर जातात, ते गुडघेदुखीमुळे नव्हे. लग्न होऊन आल्यापासून ती ते पाहत होती.

पापाची क्षमा जाहीर करणे हे समुपदेशकाचे काम नाही. त्यासाठी मी त्यांच्या पाळकसाहेबांना घरी भेट द्यायला सुचवले, आणि ते दोनदा जाऊन आले. मुलाला मी एवढेच म्हटले की ‘आजोबा दोषी आहेत का’ या प्रश्नाचे उत्तर तुला देता येणार नाही, मलाही नाही; पण ज्या माणसाने चोपन्न वर्षे तो प्रश्न स्वतःला विचारला, त्याच्याजवळ बसता येईल.

नातवाने त्यांना शेवटच्या भेटीत विचारले, “तुम्ही पुन्हा भरती झाला असता?”

“झालो असतो,” ते लगेच म्हणाले. थोड्या वेळाने त्यांनी भर घातली, “पण त्या शेतकऱ्याला खरं सांगितलं असतं.”

मुलगा पुन्हा पहाटे धावायला जाऊ लागला आहे. पहिल्या रविवारी तो आजोबांबरोबर शेवटच्या बाकावर बसतो. आजोबा अजून भाकर घेत नाहीत, मात्र आता उठून बाहेर जात नाहीत. परीक्षेचा अर्ज त्याने या खेपेस भरला नाही. परीक्षा वर्षातून दोनदा असते, आपल्या देशात सक्तीची भरती नाही, आणि वयोमर्यादा संपेपर्यंत विचार करायला त्याला अवधी आहे, हे मी त्याच्या आईला सांगितले. तिचे समाधान झालेले नाही. तो नेमके काय ठरवणार हे तिला आत्ताच हवे आहे, आणि पुढच्या गुरुवारी ती त्याविषयी बोलायला माझ्याकडे एकटीच येणार आहे.