हायब्रिड पेपरची सुरुवात लेक्चर रेकॉर्ड करून करू नका

तुम्ही विचारलंय की पुढच्या सत्रापासून एक पेपर निम्मा वर्गात, निम्मा ऑनलाइन घ्यायचा आहे, तर कॅमेरा-माइक कोणता घ्यावा आणि रेकॉर्डिंगची सुरुवात कशी करावी. रेकॉर्डिंगने सुरुवात करूच नका. मी ती चूक केली आहे आणि ती चूक होती, हे आमच्या विभागप्रमुखांनी आजवर मान्य केलेलं नाही.

ऑगस्ट 2020. नाशिक जिल्ह्यातलं कॉलेज, एस.वाय.चा, म्हणजे पदवीच्या दुसऱ्या वर्षाचा, संख्याशास्त्राचा पेपर. आदेश आला की तास 48 मिनिटांचा, तर व्हिडिओही 48 मिनिटांचाच. घरात भिंतीला फळा टेकवून मी सहसंबंधावर, म्हणजे दोन गोष्टी एकमेकींबरोबर कितपत बदलतात त्यावर, 5 व्हिडिओ केले. दोन आठवड्यांनी यूट्यूबचे आकडे उघडले, तर पाहण्याचा सरासरी वेळ 4 मिनिटांच्या आत. चौथ्या मिनिटाला मी अजून मागच्या तासाची उजळणीच करत होतो. सहसंबंध काढायचं कार्ल पिअर्सनचं सूत्र येत होतं 26व्या मिनिटाला. एका विद्यार्थ्याला फोन केला. वडील टेम्पो चालवतात, घरातला एकुलता स्मार्टफोन त्यांच्याबरोबर रात्री आठला घरी येतो, आणि उरलेल्या डेटात तीन भावंडांचे तास. तो मला "सॉरी सर" म्हणाला. त्याची काय चूक होती?

मग व्हिडिओ बंद केले. सहा मिनिटांचा ऑडिओ, वहीच्या एका पानाचा फोटो आणि एक काम. लासलगावची किंवा जवळच्या बाजार समितीची कांद्याची रोजची आवक आणि सरासरी भाव पंधरा दिवस लिहा, सहसंबंध काढा. एका मुलीनं आकडेमोड कांदा विकल्यावर मिळणाऱ्या हिशेबपट्टीच्या कोऱ्या बाजूला केली होती. फोटोत पलीकडचे हमाली-तोलाईचे आकडे उलटे उमटलेले दिसत होते. उत्तर ऋण येणार, म्हणजे आवक वाढली की भाव पडणार, हे तिला सूत्राआधीच माहीत होतं. पण 14 सप्टेंबरला कांद्याची निर्यातबंदी झाली आणि तिनं ग्रुपवर विचारलं, "सर, आवक तेवढीच आहे आणि भाव हलला, मग हा सहसंबंध धरायचा कसा?" इतक्या वर्षांत वर्गात मला हा प्रश्न कुणी विचारला नव्हता. पुढचे दोन ऑनलाइन तास मी फक्त त्यावरच घेतले.

म्हणून आखणी शेवटून करा. सत्र संपल्यावर मुलाला काय करता आलं पाहिजे ते लिहा, ते तपासणारं काम ठरवा, त्यासाठी जे ऐकावं-वाचावं लागेल तेवढंच ऑनलाइन ठेवा आणि मुलं जिथे अडतात ते वर्गात घ्या. 'स्वयम्' या सरकारी ऑनलाइन मंचाच्या कोर्सलाही व्हिडिओ हा चारपैकी एकच भाग असतो. वाचनसाहित्य, स्वमूल्यमापन आणि चर्चा हे उरलेले तीन. आपल्याकडे पहिल्यावरच गाडी थांबते. एडएक्स या अमेरिकेतल्या ऑनलाइन मंचाच्या कोर्सवर झालेला अभ्यास 2014 मध्ये प्रसिद्ध झाला: व्हिडिओ कितीही लांब असो, पाहण्याच्या वेळेचा मध्यक (निम्मे ज्याच्या खाली, निम्मे वर तो आकडा) सहा मिनिटांच्या वर जात नव्हता. मी तो विभागप्रमुखांना दाखवला. "ते तिकडचं झालं," म्हणाले. तिकडे चांगल्या नेटवर सहा, तर रात्री आठला घरी येणाऱ्या फोनवर 48 मिनिटं कोण बघणार?

प्लॅटफॉर्मचं म्हणाल तर कॉलेजात मूडल असेल तर ते, नाहीतर गूगल क्लासरूम. मुलं आधीपासून ज्यावर आहेत ते घ्या.

तीन गोष्टी मात्र सांगायला हव्यात. माझ्या वर्गात 58 मुलं होती, दर आठवड्याला सगळी कामं मी एकटा तपासू शकलो. दोनशे असतील तर पाच-पाचच्या गटाला एक काम द्या. आणि एका मुलाला कमी ऐकू येतं, हे मला महिनाभरानं कळलं. ऑडिओबरोबर लेखी टिपण पहिल्या दिवसापासून द्या. प्रयोगशाळेचा पेपर असेल तर प्रात्यक्षिकं वर्गातच ठेवा, त्याला पर्याय नाही.

तासांचा हिशेब मागितला तर मुलांची कामं पुढे ठेवा. आमच्या नॅकच्या (कॉलेजांचं मूल्यांकन करणाऱ्या संस्थेच्या) फाइलीला मी तीच जोडणार होतो, मला व्हिडिओंच्या लिंक लावायला सांगितलं. त्या 5 लिंक फाइलीत आहेत. हिशेबपट्टीचा फोटो अजून माझ्या फोनमध्ये आहे.